पट्टीवर न आलेली धडधड

जिल्ह्याच्या रुग्णालयात ईसीजीची खोली कुणी दाखवल्याशिवाय सहसा सापडत नाही. जिन्याखाली, नाहीतर एक्स-रेच्या बोळात एक पलंग, एक हिरवा पडदा आणि ट्रॉलीवर यंत्र. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका खोलीत एका ईसीजी तंत्रज्ञ बाईंच्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. मधला काही काळ त्यांनी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅथ लॅबमध्ये काढला आणि पुन्हा गावाकडे आल्या. रुग्ण त्यांना ‘कार्डिओग्रामवाल्या मॅडम’ म्हणतात. डॉक्टर केसपेपरवर नुसतं ‘ईसीजी’ खरडतात आणि तोंडाने म्हणतात, “पट्टी काढून आणा.”

ही पट्टी दहा सेकंदांची असते. दिवसाचे सेकंद 86,400. हा हिशोब बाई प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी घालतात, कारण त्यांच्या मते या कामातली सगळी गोम त्यात आहे. हार्ट अटॅकची खूण पट्टीवर बराच वेळ राहते. धडधड तशी थांबत नाही. ती भाजी निवडताना येते, एसटीत येते, पहाटे तीनला येते. घरचे रिक्षा बोलावतात, ओपीडीचा नंबर लागतो, डॉक्टर तपासतात, बाई वाट्या चिकटवतात, आणि तोवर हृदय शहाण्यासारखं चालू लागलेलं असतं. पट्टी नॉर्मल. मग केसपेपरवर झोपेची गोळी येते आणि “टेन्शन घेऊ नका” हा सल्ला. बाईंचा या सल्ल्यावर जुना राग आहे. बायकांना तो जास्त मिळतो, हे त्यांनी पडद्याआडून वर्षानुवर्षं ऐकलं आहे.

हा राग निराधार नाही. 1997 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. अचानक सुरू होणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या वेगवान ठोक्यांचे, म्हणजे डॉक्टरी भाषेत एसव्हीटीचे, 107 रुग्ण त्यात होते. त्यांच्यापैकी 67 टक्के लोकांची लक्षणं घबराटीच्या मानसिक विकाराच्या व्याख्येत चपखल बसत होती, आणि निम्म्याहून अधिक जणांचा खरा आजार पहिल्या तपासणीत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. छाती मिनिटाला 180 ने उडत असेल, तर माणूस घाबरणारच. घाबरल्यामुळे धडधड की धडधडल्यामुळे घाबरणं, हे ठरवायला त्या वेळची पट्टी लागते. दुसरा साक्षीदार नसतो.

बाईंना हृदयाचं काम समजावून सांगायला आवडतं; समोर आज्जी असोत की बी.एस्सी. झालेला पोरगा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरची मोठी नीला जिथे येऊन मिळते तिथे, सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. मेंदूने सांगितलं नाही तरी त्या पेशी आपापल्या वीज सोडतात, विश्रांतीत मिनिटाला 60 ते 100 वेळा. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त वेग कमीजास्त करतात. ही लहर वरच्या दोन कप्प्यांत पसरते आणि ते आकुंचन पावतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधला पडदा वीज जाऊ देत नाही. वाट एकच, एव्ही नोड. तिथे लहर मुद्दाम रेंगाळते, साधारण सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. पुढे मात्र ती हिसच्या जुडग्यातून, डाव्या-उजव्या फांद्यांतून आणि पुर्किंजे तंतूंतून सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने पळते आणि खालचे दोन्ही कप्पे जवळपास एकाच क्षणी आवळतात.

सायनस नोड दमला, तर एव्हीच्या जवळच्या पेशी 40 ते 60 च्या गतीने काम हाती घेतात. त्यांनीही हात टेकले, तर खालचे कप्पे 20 ते 40 च्या गतीने कसंबसं रेटतात. माणूस त्या गतीवर जिवंत राहतो, पण जिना चढताना त्याला भोवळ येते.

या वाटेवरचं प्रत्येक नाव कुणाच्या तरी सूक्ष्मदर्शकाखालून आलेलं आहे. पुर्किंजेने 1839 मध्ये मेंढीच्या हृदयात ते तंतू पाहिले, धाकट्या विल्हेल्म हिसने 1893 मध्ये जुडगा दाखवला, सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत मारबुर्गला बसून 1906 मध्ये एव्ही नोडसकट सगळी वाट जोडून दाखवली. गंमत अशी की लहर जिथून निघते ती जागा सगळ्यांत शेवटी सापडली. मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी केंटमधल्या आर्थर कीथ यांच्या घरी चिचुंद्रीसारख्या एका बिळातल्या प्राण्याचं, मोलचं, हृदय तपासत होता. कीथ सायकलवरून फिरून परत आले, तेव्हा त्याने त्यांना उजव्या कप्प्यातली एक वेगळीच रचना दाखवली. 1907 साली ती छापून आली. बाईंना यातला विद्यार्थी फार आवडतो. शिकाऊ पोरं कंटाळली की त्या फ्लॅकचं नाव काढतात.

पट्टीवर या प्रवासाचा हिशोब चौकटींत वाचायचा असतो. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे लहान चौकट 0.04 सेकंदाची आणि मोठी 0.2 ची. दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकटी मोजायच्या आणि 300 ला त्या आकड्याने भागायचं. ठोके नियमित असले तर गती मिळते. यंत्र हल्ली स्वतःच गती आणि निदान छापतं. बाई ती ओळ अंगठ्याने झाकून पोरांना आधी मोजायला लावतात.

वाचण्याच्या आधी काढता आली पाहिजे, हा त्यांचा दुसरा हट्ट. कामाचा हा भाग कुणी शिकवत नाही आणि यात घोळ झाला की पुढचं सगळं वाया. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाची रेघ अशी थरथरते की वरच्या कप्प्यांचं फडफडणं वाटावं. कंपवाताच्या रुग्णाचा हात हीच फसगत करतो. अर्थिंग नीट नसेल तर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची बारीक करवत सगळ्या पट्टीभर उमटते. मग यंत्राचा प्लग काढून बॅटरीवर पट्टी घ्यायची. उजव्या-डाव्या हाताच्या क्लिपा बदलल्या की पहिल्या लीडमधली, म्हणजे पट्टीवरच्या पहिल्या रेघेतली, सगळी चित्रं उलटी पडतात आणि नवखा डॉक्टर रुग्णाचं हृदय उजवीकडे असल्याचं सांगून नातेवाइकांची झोप उडवतो. छातीवरच्या वाट्या बरगड्या बोटाने मोजूनच लावायच्या असतात. बायकांच्या बाबतीत संकोचापायी त्या सर्रास वरच्या वर लागतात आणि पट्टीत नसलेला जुना अटॅक दिसू लागतो. म्हणून बाई पडदा आधी ओढतात, साडीचा पदर त्या बाईच्याच हातात देतात, आणि मग शांतपणे बरगड्या मोजतात. यात दोन मिनिटं जास्त जातात. बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू दे, म्हणतात.

एसव्हीटी ऐन भरात असलेला रुग्ण सरळ खोलीत येणं हा त्यांच्या लेखी दुर्मीळ योग. अशा वेळी सगळ्यांची घाई एकच असते: इंजेक्शन द्या, थांबवा. बाई वाटेत उभ्या राहतात. रक्तदाब बरा आहे, माणूस शुद्धीवर आहे, तर आधी बारा लीडची पट्टी, मग उपाय. कारण हृदय एकदा ताळ्यावर आलं की पुरावा गेला, आणि पुढे कायमचा इलाज करणाऱ्या डॉक्टरला नेमका तोच हवा असतो.

उपाय सुरू असतानाही त्या यंत्र बंद करत नाहीत. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. इंग्लंडमध्ये 428 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल 2015 साली छापून आले. रुग्णाला अर्धवट बसवून 10 मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोराने फुंकायला लावायचं, लगेच आडवं करून पाय वर उचलून धरायचे. नुसतं बसून फुंकल्यावर 17 टक्के लोकांचा ठोका मूळपदावर आला, तर पाय उचलल्यावर 43 टक्क्यांचा. पाय धरायला वॉर्डबॉय मामा असतातच. पहिल्यांदा हा प्रकार पाहून मामांना हसू आवरेना. पण त्याच दुपारी तलाठी कार्यालयातल्या एका कारकून बाईंची गती त्यांच्या हातात पाय असतानाच 190 वरून खाली उतरली. तेव्हापासून मामा स्वतःच सिरिंज घेऊन येतात.

नाही जमलं तर अ‍ॅडिनोसिन. हे औषध काही सेकंदांतच रक्तातून नाहीसं होतं, म्हणून मोठ्या शिरेतून झटक्यात द्यावं लागतं आणि मागोमाग सलाईन ढकलावं लागतं. ते एव्ही नोड क्षणभर बंद पाडतं. पट्टीवर दोन-तीन सेकंद सरळ रेघ येते. रुग्णाला वाटतं, आता संपलं. बाई त्याला हे आधी सांगून ठेवतात: “काका, छातीत एकदम घाबरंघुबरं होईल, दहा आकडे मोजा, जाईल.” न सांगता हे औषध देणं त्यांना क्रूर वाटतं. असा घाबरलेला माणूस पुढे कितीही धडधड झाली तरी दवाखान्याची पायरी चढत नाही.

पुण्याच्या कॅथ लॅबमध्ये त्यांना या आजाराचं मूळ पडद्यावर दिसलं. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत एव्ही नोडपाशी एकाऐवजी दोन वाटा असतात, एक वेगाची आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका संथ वाटेने खाली जातो, वेगाच्या वाटेने परत वर येतो आणि तिथल्या तिथे गरगरत राहतो. डॉक्टर रुग्णाला ‘शॉर्ट सर्किट’ म्हणून सांगतात आणि ज्याच्या घरचा फ्यूज दर पावसाळ्यात उडतो त्याला ते लगेच पटतं. जांघेतल्या नीलेतून तारा वर घालून ती संथ वाट शोधायची आणि तिच्यावर रेडिओ लहरींची उष्णता द्यायची. शंभरातले 95 हून अधिक रुग्ण यातून बरे होतात, गोळ्या सुटतात. धोका असतोच: शेजारचा एव्ही नोडच भाजला, तर आयुष्यभरासाठी पेसमेकर. तसं शंभरात एकालाही क्वचितच होतं, पण सही घेताना ते नीट सांगावं लागतं. टेन्शनच्या गोळ्या खाऊन वर्षं काढलेल्या बायका दुसऱ्या दिवशी चालत घरी जाताना पाहून बाईंना आनंद व्हायचा, आणि संतापही यायचा.

सगळीच धडधड अशी निरुपद्रवी नसते. आधी मोठा अटॅक येऊन गेलेला माणूस खुर्चीत बसून गप्पा मारतो आहे, नाडी 170, आणि पट्टीवर रुंद, एकसारखे, करवतीच्या दातांसारखे ठोके. खालच्या कप्प्यांतून उठलेली ही गती, व्हीटी. “बोलतोय म्हणजे बरा आहे” हा वॉर्डातला सर्वांत घातक समज असल्याचं बाई सांगतात. व्हीटीतला माणूस तासभरही बोलत राहू शकतो आणि वाक्य अर्धवट टाकून कोसळू शकतो. अशी पट्टी हातात आली की त्या ती रुग्णाच्या मुलाच्या हाती देऊन “डॉक्टरांना दाखवा” म्हणत नाहीत. पलंगापासून हलत नाहीत. वॉर्डातल्या मावशींना पळवतात, शॉकचं यंत्र आणवतात, डॉक्टरांना खोलीतच बोलावतात. तंत्रज्ञाने निदान सांगायचं नाही, हा नियम त्या पाळतात; पण ओरडायला कुणाची बंदी नाही.

12 जून 2021 रोजी कोपनहेगनला युरो चषकाच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. छातीवर दाब आणि शॉक मिळाल्याने वाचला, शरीरात डीफिब्रिलेटर बसवून पुन्हा खेळू लागला. त्या आठवड्यात गावातले क्रिकेट खेळणारे तरुण ईसीजीला रांग लावून उभे होते. बहुतेकांना काही नव्हतं. बाईंनी मात्र प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: घरात कुणी तरुण वयात झोपेत किंवा पळताना अचानक गेलं आहे का? लांबलेला क्यूटी नावाचा आनुवंशिक दोष असाच कुटुंबातून येतो. कुणाला पोहताना, कुणाला गजराच्या आवाजाने दचकून भोवळ येते. त्याला फिट समजून मिरगीच्या गोळ्या सुरू होतात, काही घरांत देवऋषी आधी. फिट आलेल्या प्रत्येक मुलाची एकदा तरी पट्टी निघावी आणि तिच्यावरचं क्यूटीचं अंतर कुणीतरी फुटपट्टी लावून मोजावं, एवढीच त्यांची मागणी असते.

म्हाताऱ्यांचा प्रकार वेगळा. वरचे कप्पे नुसतेच थरथरतात आणि ठोक्यांना ताळतंत्र उरत नाही, त्याला एएफ म्हणतात. कित्येकांना काहीच जाणवत नाही. अर्धांगाचा झटका आल्यावरच कळतं, कारण थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे जाते. अशांना अर्धांगाचा धोका साधारण पाचपट. लहानपणी सांधेतापाने झडप आवळलेल्या खेड्यातल्या बायकांमध्ये एएफ चाळिशीतच दिसतो. त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांबरोबर दरमहा रक्ततपासणी लागते, आणि मजुरी बुडवून ती कोण करणार, इथे गाडं अडतं. हल्ली पुण्याला असलेली मुलं आईच्या मनगटावर घड्याळ बांधून जातात आणि त्यातली एका लीडची रेघ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. जुने डॉक्टर नाक मुरडतात. बाईंना ती आवडते. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या लायडनच्या आइनथोवेनने 1905 मध्येच दीड किलोमीटरवरच्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. त्याचं यंत्र 270 किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. घड्याळाने नाक मुरडण्याजोगं काय केलं आहे?

बॅटरी बसवलेल्यांच्या, म्हणजे पेसमेकरवाल्यांच्या, शंका संपत नाहीत. मोबाइल चालेल का? चालेल, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा, शर्टाच्या खिशात ठेवू नका. कधी बदलायची? आठ-दहा वर्षांनी, म्हणून तपासणी चुकवू नका. पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. रूने एल्मक्विस्ट यांनी तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत ओतून बनवला होता आणि तो काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे एकूण 26 यंत्रं वापरून 2001 पर्यंत जगले. पहिलं यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि बसवणारे शल्यविशारद ओके सेनिंग हे दोघेही त्यांच्या आधी गेले. ही हकीकत ऐकून म्हातारे खूश होतात.

एक गोष्ट बाई रुग्णाला नाही, मुलाला बाजूला घेऊन सांगतात: अंत्यसंस्काराआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण चितेत त्याची लिथियमची बॅटरी फुटते. विषय अवघड आहे, पण स्मशानात कुणी जखमी होण्यापेक्षा बरा. आणि काढलेलं यंत्र कचऱ्यातच जातं असंही नाही. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कारगृहांनी कुटुंबांच्या संमतीने दिलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 53 गरीब रुग्णांना बसवले गेले आणि त्यांना त्याचा त्रास झाला नाही, असा अहवाल 2012 मध्ये छापून आला आहे.

गावी परत आल्यावर बाईंनी एक मागणी लावून धरली. धडधडीच्या रुग्णाच्या केसपेपरवर लाल शिक्का असावा: ‘धडधड होत असताना आल्यास ओपीडी नंबर न घेता थेट ईसीजी.’ नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाने हरकत घेतली, उद्या सगळेच धडधड सांगून रांग मोडतील. फिजिशियननी शिक्का करून दिला. काहींनी रांग मोडलीही, काहींचं दुखणं साध्या गॅसचं निघालं. पण ज्यांच्या फाइलीत ‘टेन्शन’ लिहिलं होतं त्यांच्यातल्या काही जणींच्या पट्ट्या शिक्क्यामुळे सापडल्या आणि त्या बायका इलाजासाठी पुण्याला गेल्या. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो आणि कपाटात ठेवला तरी काही वर्षांत कोरा होतो. म्हणून अशी पट्टी निघाली की बाई तिची झेरॉक्स समोरच्या दुकानातून काढून आणायला सांगतात, वर तारीख, वेळ आणि ‘धडधड चालू असताना’ असं निळ्या पेनाने लिहितात, आणि मूळ पट्टीचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय नातेवाइकांना खोलीबाहेर सोडत नाहीत.